प्रकरण चौथं: ‘स्थिर’

३ जून

दादा,

‘तीर्थरूप’ लिहिणार होते, पण त्यातली वेलांटी पहिली की दुसरी याच्यावरच तुझी पहिली लाल खूण पडेल, म्हणून नुसतंच दादा. पाच वर्षांत मी जेवढे फोन केले तेवढे तू वहिनीच्या हातात दिलेस. वहिनी म्हणते, सगळं ठीक आहे, आणि ठेवते. पत्र मात्र तुला दुसऱ्याच्या हातात देता येणार नाही. अक्षर दिसलं की ते शेवटपर्यंत वाचल्याशिवाय तुला राहवत नाही, मग ते औषधाच्या खोक्यातलं चिटोरं का असेना. त्या भरवशावर लिहिते आहे.

बातमी अशी, की तुझी बहीण पन्नासाव्या वर्षी विद्यार्थिनी झाली आहे. दोन वर्षांचं एम. ए., ऑनलाइन. विषयाचं अधिकृत नाव ‘संज्ञापन’. मी घरात सांगते, बोलण्याची पदवी, आणि हे म्हणतात, ती तर तुझ्याकडे जन्मापासून आहे. वॉर्डाशेजारच्या चादरींच्या खोलीत नेट चांगलं लागतं, म्हणून ड्यूटीच्या आधी किंवा नंतर तिथेच स्टुलावर लॅपटॉप ठेवून बसते. वर्गातली निम्मी मुलं माझ्या मुलीच्या वयाची. पहिल्या आठवड्यात मी दहा मिनिटं तावातावाने मत मांडलं, आणि शेवटी एका मुलीने हळूच सांगितलं, सिस्टर, तुमचा आवाज बंद होता. तेव्हापासून मी वर्गात प्रसिद्ध आहे.

आता हे शेवटचं सत्र. लघुप्रबंध द्यायचा आहे. माझा विषय, रुग्णाच्या घरच्यांना आम्ही जे सांगतो आणि ते जे ऐकतात, त्यातलं अंतर. तीन प्रकरणं झाली. चौथ्यात एकच उदाहरण खोलात घ्यायचं, एक शब्द, सांगणारा एक आणि ऐकणारा एक. मार्गदर्शक मॅडमनी पडद्यावरून विचारलं, तुमच्या अनुभवातलं आहे का काही? मी म्हटलं, आहे.

तुला माहीत असलेलंच पुन्हा लिहिते, कारण प्रबंधात ते असंच लिहावं लागेल. चुकत असेल तर सांग. आई माझ्याच वॉर्डात होती. मंगळवारी दुपारी तू वॉर्डाच्या फोनवर विचारलंस, कशी आहे? मी म्हटलं, स्थिर आहे. आमच्यात स्थिर म्हणजे आहे तिथे आहे, खाली गेली नाही एवढंच. रोज वीस जणांना सांगायचा तो शब्द मी सख्ख्या भावाला सांगितला. तू निघाला नाहीस. शुक्रवारी चार वाजता आई गेली. तू आलास तेव्हा सगळे जमले होते, आणि तू त्यांच्यासमोर म्हणालास, ‘हिने स्थिर आहे म्हणून सांगितलं, म्हणून मी थांबलो.’ ते खरं होतं.

मला तुझ्या बाजूचं हवं आहे. तो शब्द कानावर पडल्यावर तुला काय वाटलं, तेवढंच, तुझ्या शब्दांत. नाव कुठेही येणार नाही. सोबत संमतीचा कागद आहे. तो शब्द मी पाच वर्षं मनात घेऊन फिरते आहे. तो नीट मांडता आला तर पदवी मिळेल, आणि पदवीपेक्षा मोठं काहीतरी सुटेल असं मला वाटतं.

तुझी,
बडबडी


१९ जून

पत्र मिळालं. सोबत परत पाठवतो आहे. अकरा चुका आहेत, त्यांतल्या चार एकाच परिच्छेदात. ‘ड्यूटी’चा ड्यू तू बरोबर लिहिलास याचं आश्चर्य वाटलं.

संज्ञापन हा शब्द मी छापखान्यात शेकडो वेळा तपासला आहे. त्याचा अर्थ सांगणारा माणूस अजून भेटलेला नाही. पडद्यासमोर बसून बोलणं शिकायचं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. पण तुझी हौस आहे, तू कर. त्याबद्दल माझं म्हणणं नाही.

म्हणणं आहे ते दुसऱ्या गोष्टीबद्दल. आई ही प्रकरण चौथं नव्हे. तुझ्या वॉर्डात रोज माणसं येतात. त्यांतला एखादा धर, त्याला विचार. आपल्या घरातलं मरण परीक्षकांनी गुण देण्यासाठी नाही. संमतीचा कागद कोराच परत पाठवतो.

आता छापखान्यात अर्धा दिवसच जातो. डोळे पूर्वीसारखे नाहीत, बाकी ठीक. तुझी वहिनी तुला आठवण सांगते.

– दादा


२७ जून

दादा,

अकरा चुका पाहिल्या. त्यांतली नववी चूक नाही, पण तुझ्याशी वाद घालून पालथ्या घड्यावर पाणी कोण ओतणार. पत्र उलटं आलं तरी आलं, त्यावर तुझ्या हाताच्या खुणा होत्या, मला त्याचाच आनंद झाला. पाच वर्षांनी तू माझ्याशी बोललास, मग ते वेलांट्यांबद्दल का असेना.

तुझा नकार मला समजतो. तरी एकदा सांगू दे की मी हे का करते आहे. बढतीसाठी नाही, मी आधीच वॉर्डाची इन्चार्ज आहे आणि आठ वर्षांनी घरी बसणार आहे. गुणांसाठी तर मुळीच नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक गवंडी यायचा. त्याचे वडील भरती होते. माझ्या हाताखालच्या नव्या सिस्टरने त्याला सकाळी सांगितलं, बाबा स्थिर आहेत. तो खूश झाला. तीन दिवस कामावर गेला नव्हता, म्हणाला आज जाऊन येतो, मुकादम चिडलाय. संध्याकाळी सिमेंटने भरलेल्या हातांनी आला तेव्हा पलंगावर नवी चादर घातलेली होती. तो ओरडला नाही. माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला आणि अगदी शिकायला आल्यासारखं विचारलं, ‘सिस्टर, स्थिर म्हणजे काय असतं?’

सत्तावीस वर्षं तो शब्द वापरणाऱ्या बाईला त्याचा अर्थ त्या माणसाच्या तोंडाकडे बघून सांगता आला नाही. त्याच्या जागी मला तू दिसत होतास. पुढच्याच आठवड्यात मी या अभ्यासक्रमाला नाव घातलं.

त्या गवंड्याला मी शोधलं. तो काम बदलून दुसरीकडे गेला आहे. आणि खरं सांगायचं तर तो सापडला असता तरी मी तुलाच विचारलं असतं. तुझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला विचारलं तर प्रकरण पूर्ण होईल, पण मी जिथे आहे तिथेच राहीन. मला हे कळायलाच हवं की मी माझ्या भावाचं नेमकं काय केलं.

संमतीचा कागद पुन्हा जोडते. या वेळीही कोरा आला तर तिसऱ्यांदा पाठवणार नाही.

बडबडी


२० जुलै

चि. बडबडीस,

तुझं पत्र बरेच दिवस उत्तराविना टेबलावर होतं. तुझी वहिनी म्हणाली, बहीण हात जोडते आहे आणि तुम्ही तिच्या काना-मात्रा काय मोजता. म्हणून लिहितो आहे. खालचा मजकूर जसाच्या तसा वापरावा. विरामचिन्हं बदलू नयेत.

“मंगळवारी दुपारी मी रुग्णालयात फोन केला. बहिणीने सांगितले, आई स्थिर आहे. बहीण स्वतः परिचारिका असल्यामुळे तिच्या शब्दावर माझा पूर्ण विश्वास होता. स्थिर या शब्दाचा अर्थ मी असा घेतला की धोका टळला आहे. प्रकृती आता सुधारेल. मी रविवारी निघण्याचे ठरवले. शुक्रवारी संध्याकाळी आई गेल्याचा फोन आला. ‘ये’ असे मला कोणी म्हटले असते तर मी त्याच दिवशी निघालो असतो.”

कागदावर सही केली आहे. अंतिम प्रत तयार झाली की पाठव. त्या पानावरही सही लागेल असं संमतीच्या कागदावर छापलं आहे, ती करीन.

एक गोष्ट सांगायची राहून गेली होती. त्या दिवशी मी सगळ्यांसमोर तुला बोललो ते बोलायला नको होतं. तू मुद्दाम काही केलं नव्हतंस; शब्दच तसा होता. मी तुला केव्हाच माफ केलं आहे. आता तूही ते मनातून काढून टाक.

– दादा


२ ऑगस्ट

दादा,

तुझा मजकूर चादरींच्या खोलीत उभ्याउभ्याच वाचला. मग स्टुलावर बसून वाचला. तिसऱ्यांदा वाचताना नवी सिस्टर चादर न्यायला आली आणि मला रडताना बघून तशीच परत गेली. दिवसभर सगळा वॉर्ड माझ्याशी हळू आवाजात बोलत होता. गुन्हा कबूल होऊन शिक्षा सुनावली की माणसाला बरं वाटत असावं, तसं मला वाटलं. आणि वर तू माफही केलंस.

प्रकरण चौथं मी आठ दिवसांत लिहिलं. मॅडमना पाठवलं, त्यांनी दुसऱ्याच दिवशी कॅमेरा लावून बोलावलं. म्हणाल्या, या प्रबंधाचा जीव इथे आहे, विशेषतः ते शेवटचं वाक्य. त्यांना त्यात काहीही बदल नको आहे. तुझी विरामचिन्हं शाबूत आहेत.

वॉर्डातही मी एक पद्धत सुरू केली आहे. घरच्यांना काही सांगितलं की त्यांनाच विचारायचं, मी काय म्हटलं ते तुमच्या शब्दांत सांगा बघू. पोरी कुरकुरतात, वेळ जातो म्हणतात. पण परवा एकीने ‘स्थिर’ सांगितलं आणि समोरची बाई आनंदाने म्हणाली, म्हणजे सोमवारी घरी नेऊ ना? पोरीचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यानंतर कुरकुर थांबली आहे.

आता एक गंमत. परिशिष्टासाठी जुने नमुने गोळा करताना रेकॉर्डच्या कपाटात आमच्याच रुग्णालयाची एक पुस्तिका सापडली, ‘रुग्णाच्या नातलगांसाठी’. छापून आली आणि गठ्ठे न सोडताच कपाटात गेली, आमच्याकडे असंच होतं. नवव्या पानावर हे वाक्य आहे: “रुग्ण ‘स्थिर’ आहे याचा अर्थ तो बरा होत आहे असा नाही; जवळच्या माणसांनी भेटीला येणे लांबवू नये.” शेवटच्या पानावर तुमच्या छापखान्याचं नाव आहे, आणि महिना आहे आई जायच्या आधीच्या नोव्हेंबरचा. म्हणजे आई गेली त्याच्या तीनच महिने आधी. ती तुझ्या टेबलावर आलीच नसणार, तुमच्याकडे तपासणारे तिघे होते. पण कसा योग बघ. पानाची प्रत सहज जोडते आहे.

अंतिम प्रतीची पानंही सोबत आहेत. सही करून पाठव. तीस सप्टेंबरला सादर करायचं आहे.

बडबडी


५ सप्टेंबर

दादा,

महिना झाला. पानं मिळाली ना? फोन केला तर वहिनी म्हणाली, टपाल आलं त्या दिवसापासून ते फार बोलत नाहीत, छापखान्यातही गेले नाहीत. डोळ्यांचं काही आहे का? की तब्येतीचं? मला स्थिर वगैरे सांगू नका.

सहीशिवाय चौथं प्रकरण धरणार नाहीत आणि चौथ्याशिवाय प्रबंध. पंचवीस दिवस उरले आहेत. तरी आधी तब्येतीचं कळव, मग सहीचं बघू.

बडबडी


१४ सप्टेंबर

माझी तब्येत ठीक आहे. डोळेही ठीक आहेत.

सही केलेली नाही, करणार नाही. कारण तो मजकूर खोटा आहे.

ती पुस्तिका माझ्याच टेबलावर आली होती. नवव्या पानावरचं ते वाक्य मी दुरुस्त केलेलं आहे. मूळ कागदावर ‘भेटायला उशीर करू नये’ असं होतं. ते मला ढिलं वाटलं, म्हणून मी ‘भेटीला येणे लांबवू नये’ केलं आणि आधीच्या पूर्णविरामाचा अर्धविराम केला, कारण दोन्ही गोष्टी एकमेकींना बांधलेल्या होत्या. एवढं आठवतं. शब्द माझ्या हाताखालून गेला की मी तो विसरत नाही. तीन महिन्यांनी तू फोनवर स्थिर म्हणालीस तेव्हा मला नववं पान आठवलं. त्याच क्षणी. तुझं वाक्य पुरतं व्हायच्या आत.

फोन ठेवला तेव्हा तुझ्या वहिनीने बॅग भरायला घेतली होती. दोन शर्ट, टॉवेल, दाढीचं सामान. पाचची गाडी मिळाली असती तर बारापर्यंत पोचलो असतो. मी तिला म्हणालो, ‘ती स्थिर आहे म्हणते, घाई नाही.’ बॅग दोन दिवस दाराशी होती. गुरुवारी मी स्वतः शर्ट काढून कपाटात ठेवले. ती बघत होती.

का गेलो नाही, तेही लिहितो. बाबा गेले तेव्हा तू दहा वर्षांची होतीस. तुला शेजारी ठेवलं होतं. आई तुझ्यापाशी आणि मी त्यांच्यापाशी, असे अकरा दिवस. मी एकोणीस वर्षांचा होतो. शेवटच्या दिवशी खोलीत मी एकटा होतो. त्यांचा तो श्वास मी ऐकला आहे. दोन श्वासांमधलं अंतर कसं वाढत जातं ते मी मोजलं आहे. नंतर सगळे म्हणाले, पोराने धीराने केलं. मी धीराने काही केलं नव्हतं. मला उठून पळता आलं नाही एवढंच. दुसऱ्यांदा ते माझ्याने होणार नव्हतं, आणि तेही आईचं. मला न जाण्यासाठी काहीतरी हवं होतं. तू एक शब्द दिलास, मी तो घेतला.

ते भित्रेपण झालं. त्याला माणूस क्षमा करू शकेल कदाचित. पण नंतर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं तेव्हा मी तुझ्याकडे बोट दाखवलं. पाच वर्षं ते बोट खाली केलं नाही. तुझे फोन घेतले नाहीत ते रागाने नाही. चोराच्या मनात चांदणं. आणि जुलैत तुला मजकूर लिहून दिला तेव्हा वाटलं, हिला हेच हवं आहे, हिची पदवी होईल, आपलंही झाकलं जाईल. ‘मी तुला माफ केलं आहे’ असं लिहिताना माझा हात अडखळला नाही. या सगळ्यात मला त्याचीच लाज जास्त वाटते.

तू काही चुकली नव्हतीस. तू सांगितलंस ते मला पुरतं कळलं होतं. तुझ्या चौथ्या प्रकरणात गैरसमज नाहीच; मुदतीच्या तोंडावर हे सांगतो आहे, तुझं वर्ष जाईल, कळतं आहे.

मला विचारायचा अधिकार नाही, तरी विचारतो. त्या तीन दिवसांत तिने माझं नाव काढलं का? तेव्हा तू म्हणाली होतीस, शांत गेली, कुणाची आठवण काढली नाही. मी त्या वाक्यावर पाच वर्षं काढली आहेत. ते खरं आहे का? तुमच्या वॉर्डातल्या भाषेत सांगू नकोस.

– दादा


१ ऑक्टोबर

दादा,

तुझं पत्र आलं त्याला बारा दिवस झाले. पहिले चार दिवस मी इतकी चिडले होते की तुला चिठ्ठी लिहिली असती तर चुकांच्या गर्दीत माझं अक्षरही तुला ओळखू आलं नसतं. पाच वर्षं मी वॉर्डात तो शब्द उच्चारताना अडखळत आले. नातलगांच्या लग्नाकार्यांना गेले नाही, तू येशील म्हणून. आईला भावाची भेट माझ्यामुळे झाली नाही... बघ, हे वाक्यसुद्धा चुकलं. आईला मुलाची भेट माझ्यामुळे झाली नाही, हे मी रोज स्वतःला सांगितलं. तू एका ओळीत ते उचललं असतंस. तू नाही उचललंस. मी तुला माफ केलं आहे असं मी इतक्यात लिहिणार नाही. ते वाक्य आपण फार स्वस्त करून टाकलं आहे.

प्रबंध सादर केला नाही. मॅडमना सांगितलं की चौथं प्रकरण मागे घेते, ते खरं नव्हतं. त्यांनी काय झालं ते विचारलं, मी थोडंसं सांगितलं. त्या पडद्यावरून म्हणाल्या, ‘मग हेच लिहा ना. ऐकणाऱ्याला कळलेलं असतं आणि तरी तो न कळल्यासारखं वागतो, हे तर त्याहून मोठं आहे.’ त्यांचं बरोबर आहे. मी नाही म्हटलं. तू पहिल्याच पत्रात म्हणालास ते मला आता पटतं, आई प्रकरण चौथं नव्हे. सहा महिन्यांची मुदत वाढवून मिळाली आहे. वॉर्डातल्या त्या ऐकलेलं परत सांगायला लावण्याच्या पद्धतीवर नवं प्रकरण लिहायचं ठरलं आहे. माझ्याबरोबरची पोरं पदवी घेऊन मोकळी होतील, मी मागे राहीन. चालेल.

आता माझी बाजू. ती पुस्तिका सहज पाठवली असं मी लिहिलं होतं. ते खोटं आहे. तो अर्धविराम बघितल्याबरोबर मला कळलं की हे कुणाचं काम आहे, आमच्या रुग्णालयात अर्धविराम कुणाला येत नाही. मला वाटत होतं, तू काहीतरी सांगशील, की दुसऱ्याने तपासली, की मला आठवत नाही. मी ते मानायला तयार होते. आणि त्याच्याही मागचं सांगते. त्या मंगळवारी फोनवर मी स्थिर म्हटल्यावर तू गप्प झालास. एकोणतीस वर्षं मी टेबलापलीकडची माणसं बघते आहे. न कळलेला माणूस लगेच पुढचा प्रश्न विचारतो. कळलेला गप्प होतो. तुला कळलंय हे मला तेव्हाच कळलं होतं. बुधवारी आला नाहीस तेव्हा मला राग आला, आणि त्या रागात मी दुसरा फोन केला नाही. त्याला कळलंय तर त्याने यावं, मी का बोलावू, असा. नंतर मात्र मला हे मान्यच करवेना की माझा दादा समजूनउमजून आला नाही. त्यापेक्षा माझा शब्द चुकला हे मानणं सोपं होतं. त्याच्यावर मी दोन वर्षांचं एम. ए. उभं केलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

हो, तिने तुझं नाव काढलं. वॉर्डाचं दार वाजलं की काढायची. टेबलापासून तिचा पलंग चार पावलांवर होता, मी तुझ्याशी फोनवर बोलले ते तिने ऐकलं होतं. मी सरळ बोलले नाही त्याचं तेही एक कारण. फोन ठेवल्यावर तिने विचारलं, काय म्हणाला? मी म्हटलं, निघालाय. दिवसाचा आणि वेळेचा मेळ तिला राहिला नव्हता, त्यामुळे तेवढ्या एका शब्दावर ती शुक्रवारपर्यंत राहिली. शांत गेली हे खरं आहे. आठवण काढली नाही हे मी तुला बरं वाटावं म्हणून सांगितलं होतं.

गुरुवारी सकाळी मी तिचे केस विंचरत होते तेव्हा तिने माझा हात धरला आणि म्हणाली, ‘तो आला की त्याला इथे माझ्याजवळ बसवू नकोस हं. बाबांच्या वेळेपासून त्याला ते सोसत नाही. दारातून बघितलं तरी मला पुरेल.’

हे तुला कधी सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. तिला माहीत होतं, दादा. तुझी भीती तू सगळ्यांपासून लपवलीस, तिच्यापासून नाही. तुला जे जमणार नव्हतं ते तिने मागितलंच नव्हतं. तिने फक्त दार मागितलं होतं.

हे वाचून तुला काय होईल ते मला कळतं. खरं सांग म्हणालास म्हणून लिहिलं, आणि थोडं रागानेही लिहिलं. पण वाचून झाल्यावर तू त्या खोलीत एकटा बसून राहावंस असं मला वाटत नाही. त्या मंगळवारी मला तुला एकच शब्द सांगायचा होता. तो आईसमोर बोलता आला नाही आणि नंतर मी अडून बसले. मला अजून राग आहे, तो तुझ्यासमोर बसून करायचा आहे.

ये. रविवारी मला सुट्टी असते.

तुझी धाकटी बहीण